आई, म्हणजे माझी आजी

माझ्या मोबाईलमध्ये 'आई' आणि 'मम्मी' असे दोन वेगळे नंबर आहेत. फर्स्ट इयरला रूममेटने ते पाहिले तेव्हा त्याला वाटलं की मला दोन आया आहेत. एका अर्थाने ते खरंच होतं. मम्मी म्हणजे माझी जन्मदाती, आणि आई म्हणजे पप्पांची आई, माझी आजी. आमच्या घरात तिला सगळेच 'आई' म्हणायचे. पप्पा, काका, आत्या, मम्मी, आम्ही नातवंडं, आणि गल्लीतली भाजीवालीसुद्धा! 'आजी' हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात पहिल्यांदा वाचला आणि मम्मीला विचारलं, "आपल्याकडे आजी का नाही?"

मराठी विभागासाठी काहीतरी लिही असं सरांनी सांगितलं तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. माझं पहिली ते दहावी शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. ऱ्हस्व-दीर्घाची आणि माझी फारशी ओळख नाही. 'न' की 'ण' हा प्रश्न मला अजूनही पडतो. तेव्हा मित्रांनो, चुकाल तिथे हसून घ्या. पण हा विषय इंग्लिशमध्ये लिहायला बसलो तर दोन ओळींतच अडकलो. इंग्लिशमध्ये ती आमची आई वाटेचना. कुणीतरी पांढऱ्या केसांची, चष्मा लावून लोकर विणणारी बाई वाटायला लागली. आमची आई हिरवी नऊवारी नेसायची, कपाळावर रुपयाएवढं गोंदण होतं, आणि लोकर वगैरे तिने जन्मात विणली नाही. तिने भाताची लावणी केली, नाचणी दळली, डोक्यावरून मोळ्या आणल्या आणि तीन पोरं वाढवली.

तिचा जन्म नक्की कधीचा, ते कुणालाच माहीत नव्हतं. आधार कार्डवर १ जानेवारी १९३८ अशी तारीख होती, कारण कार्ड काढणाऱ्याला कुठलीतरी तारीख हवी होती. माहेर कोयनेच्या खोऱ्यात, आणि सासरही कोयनेच्याच काठी, पण खालच्या अंगाला, पाटण तालुक्यात. दोन्ही गावांच्या मधे तेव्हा काही नव्हतं, फक्त डोंगर, जंगल आणि नदी. सोळाव्या वर्षी लग्न झालं. आजोबा मुंबईला मस्जिद बंदरच्या घाऊक बाजारात माथाडी होते. पाठीवर पोती वाहायचे. खोऱ्यातल्या घरटी एका तरी माणसाची हीच कथा आहे. बाप्ये मुंबईला आणि बायका शेतात. महिन्याला मनीऑर्डर यायची. पोस्टमन पैसे द्यायचा आणि मागचा मजकूरही वाचून दाखवायचा. आई म्हणायची, "तुज्या आज्ज्यानं मला काय लिवलंय ते माज्याआधी पोष्टमनला कळायचं. मग नवऱ्यानं गोड कसं लिवावं?"

पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे माझी आत्या १९५९ साली आईच्या माहेरी जन्मली. त्यानंतर दोन-अडीच वर्षांत ते गाव राहिलंच नाही.

आता जरा सिव्हिलवाल्यांच्या भाषेत सांगतो. कोयना धरण, रबल काँक्रीटचं, उंची १०३ मीटर. १९६१-६२ च्या सुमारास पाणी अडवायला सुरुवात झाली. मागे जो जलाशय झाला तो शिवसागर, लांबी पन्नास किलोमीटरहून अधिक. गंमत म्हणजे पूर्वेला वाहणाऱ्या नदीचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला नेलं, पोफळीच्या वीजघरात सोडलं, आणि तिथून ते कोकणात वाशिष्ठी नदीला मिळतं. महाराष्ट्राच्या उद्योगाला त्या विजेने हात दिला. तुमच्या-माझ्या होस्टेलच्या खोलीतली ट्यूब ज्या ग्रिडवर लागते, तिच्यात कोयनेचाही वाटा आहे. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा अभिमानही वाटतो. सेकंड इयरच्या सेमिनारला मी हाच विषय घेतला होता.

पण माहेर गेलं ते कसं, हे मला आईकडून कळलं, आणि तेही फार उशिरा. तिला निरोप आला होता की गाव उठतंय. ती दोन वर्षांच्या आत्याला काखेत घेऊन चालत गेली. गेली तेव्हा घराचे वासे, दारं, चौकटी काढून झाल्या होत्या. नुसत्या भिंती उभ्या होत्या. तिच्या आईने चूल फोडली नव्हती. चूल फोडायला हात होईना, म्हणून तशीच ठेवून ते निघाले. तिच्या भावांना तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात जमीन मिळाली. कुणाला काय मिळालं आणि काय नाही मिळालं, हा मोठा विषय आहे आणि कितीतरी कुटुंबांसाठी तो आजही संपलेला नाही. आईचं म्हणणं एवढंच असायचं, "भाऊ जगलं, पोटाला लागलं. पन मला माहेराला जायचं तर आगीनगाडी आली ना रं! आदी मी दुपारच्याला निगून दिवा लागायच्या आत आईच्या चुलीम्होरं बसायची."

आता भूकंपाकडे येतो. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून वीसेक मिनिटं. आमच्या पुस्तकात याला रिझर्व्हॉयर इंड्यूस्ड सायस्मिसिटीचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणून दिलंय. मॅग्निट्यूड ६.३ ते ६.५. सुमारे १८० माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. धरणाला उंच भागात तडे गेले, पण धरण टिकलं. नंतर मागून आधार देऊन ते भक्कम केलं. धरणाच्या आतल्या गॅलरीत बसवलेल्या यंत्रावर त्या धक्क्याची नोंद मिळाली, आणि ती नोंद जगभरचे इंजिनियर आजही डिझाईन तपासायला वापरतात. हे सगळं मी सेमिनारमध्ये अगदी धडाधड सांगितलं होतं.

आईची नोंद वेगळी होती. मार्गशीर्ष लागला होता, थंडी मरणाची. चंद्र मावळून गेलेला, मिट्ट काळोख. घरात आई, आठ वर्षांची आत्या, तीन वर्षांचा काका आणि चालता न येणारी सासू. आजोबा मुंबईला. आधी जनावरं ओरडली, मग जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा आवाज आला, मग फळीवरची भांडी खाली आली. काकाला काखेत, आत्याला दंडाला धरून ती बाहेर अंगणात आली. मागची भिंत बसली. सासू आत. ती परत आत गेली. अंधारात, कौलं पडत असताना, सासूला घोंगडीसकट ओढत बाहेर काढलं. गाय मात्र मेली. त्यानंतर त्यांनी कित्येक महिने खळ्यावर पेंढ्याच्या खोपीत काढले, कारण जमीन थांबतच नव्हती.

मी एकदा विचारलं होतं, "मग सासूने तुला काय म्हटलं?"

"काय म्हननार? म्हनाली, जरा दमानं वढायचं, माजा खांदा दुकतोय."

आणि त्यानंतरही सासू वीस वर्षं जगली, आणि बोलायची ती बोलायचीच!

त्या रात्रीपासून आईला एक सवय लागली. झोपताना उशाशी पितळी तांब्या ठेवायचा, आणि त्यावर फुलपात्र उपडं, पण नीट बसवायचं नाही, जरा कलतं. जमीन हलली की ते वाजणार, आणि वाजलं की पोरं उचलून बाहेर पळायचं. खोऱ्यात लहान धक्के चालूच असतात, त्यामुळे फुलपात्र अधूनमधून वाजायचं. आजोबांचा घाऊक बाजार पुढे नवी मुंबईत हलला, माथाड्यांना कोपरखैरणेला घरं मिळाली, आमचं कुटुंब तिकडे आलं, पण तांब्या आणि फुलपात्रही बरोबर आलं. देव्हाऱ्याशेजारी अण्णासाहेब पाटलांचा फोटो, आणि आईच्या उशाशी तांब्या, हे आमच्या घरातलं कायमचं दृश्य. लहानपणी मी मुद्दाम पाय आपटून फुलपात्र वाजवायचो. आई दचकून उठायची आणि आधी माझा दंड धरायची. मला तो खेळ वाटायचा. आता आठवलं की लाज वाटते.

लाज वाटण्यासारखं आणखी एक आहे. ते लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. पण तेच टाळून आईवर लिहायचं तर मग लिहूच नये.

मी पाचवीत होतो. आमच्या शाळेत आजी-आजोबांसाठी एक खास दिवस असायचा. मुलांनी स्टेजवर इंग्लिश गाणं म्हणायचं, मग खाली येऊन आपापल्या आजी-आजोबांना गुलाबाचं फूल द्यायचं. माझ्या मित्रांच्या आज्या पंजाबी ड्रेस घालायच्या, टीचरशी इंग्लिशमध्ये बोलायच्या. आमची आई नऊवारी नेसून येणार, गोंदण, हातात पिशवी, आणि मोठ्या आवाजात "काय रं, ज्यावलास का?" विचारणार. मी घरी नोटीसच दाखवली नाही. टीचरला सांगितलं, माझी ग्रँडमदर आजारी आहे. त्या दिवशी माझं फूल मी वर्गातल्या एका मुलाच्या आजीला दिलं.

दोन दिवसांनी मम्मीला डायरीत नोटीस सापडली. मम्मी चिडली, मला समोर उभं केलं आणि विचारायला लागली. मी खाली मान घालून गप्प. आई आतून भांडी घासता घासता म्हणाली, "त्याला का बोलतीस? मीच त्याला म्हनलं हुतं, माजा गुडगा दुकतोय, मला काय जमायचं न्हाई."

तिने मला असं काहीही सांगितलं नव्हतं. तिला त्या कार्यक्रमाचा पत्ताच नव्हता. पण ऐकल्या ऐकल्या तिला सगळं कळलं, आणि तिने मला वाचवलं. त्यानंतर तिने हा विषय कधीच काढला नाही, ना रागाने, ना गमतीने. मीही नाही. एकदा तरी "आई, चुकलं माझं" म्हणावं असं दहा वर्षं वाटत राहिलं. घरात रोज भेटणाऱ्या माणसाला सॉरी म्हणणं किती अवघड असतं, नाही? अनोळखी माणसाला धक्का लागला तर आपण पटकन म्हणतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मात्र आमची खरी दोस्ती झाली. माझी शाळा मोबाईलवर भरायची. आई शेजारी बसून तांदूळ निवडायची आणि मधूनच विचारायची, "ती बाई कुनावर वरडतीया?" एक दिवस म्हणाली, "मला माजं नाव लिवायला शिकव." तोपर्यंत तिने सगळीकडे अंगठाच दिला होता. मी पाटी नव्हती म्हणून व्हाईटबोर्ड घेतला. शिकवायला गेलो आणि लक्षात आलं की माझीच बाराखडी कच्ची आहे. 'ण' आणि 'न' चा फरक मला सांगता येईना. ती म्हणाली, "आसू दे, आमच्यात एकच 'न' असतो."

मी अक्षरं शिकवायचो आणि ती मला शब्द शिकवायची. मला 'वळचण' माहीत नव्हतं, 'उतरंड' माहीत नव्हतं, 'खळं' माहीत नव्हतं. नक्षत्रांवरून ती पाऊस सांगायची. मृगात काय पेरायचं, आर्द्रात काय, सगळं पाठ. सहा महिन्यांत तिला जोडाक्षरं सोडून वाचता यायला लागलं. लॉकडाऊन उठल्यावर पहिल्यांदा बसस्टॉपवर गेलो तर लांबून येणाऱ्या बसकडे बघत तिने अक्षर अक्षर जुळवलं, "को... प... र..." आणि पुढे 'खैरणे' अंदाजाने म्हणून टाकलं. 'खै' तिला कधी आवडलंच नाही. पण त्या दिवशी बसमध्ये चढताना तिने कंडक्टरला सांगितलं, "मी वाचून चडलीया." ब्याऐंशी वर्षांची होती तेव्हा!

मग मी इथे, होस्टेलला आलो. तिचा रोज रात्री आठ वाजता फोन. तिला माहीत होतं की आपली मेस आठला सुरू होते. प्रश्न एकच, "ज्यावलास का?" मी "जातोय" म्हणायचो. पुढचा प्रश्न, "काय हाय जेवायला?" आपल्या मेसमध्ये काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. मी रोज "वांगं-बटाटा" सांगायचो. एकदा ती म्हणाली, "त्या मेसवाल्याला दुसरी भाजी ठावं न्हाई का? मला दे फोन त्याच्याकडं!" आमच्या विंगमध्ये आठ वाजले की पोरं ओरडायची, "आला रे आईचा फोन!" सबमिशनच्या दिवसांत मी कधी कधी कट करायचो. ती पुन्हा नऊला करायची.

गेल्या वर्षी, २०२५ च्या एप्रिलमध्ये, सेमिनार झाला. चांगला झाला. सरांनी कौतुक केलं. संध्याकाळी फोनवर तिला सांगितलं. तिने विचारलं, "कशावर बोललास?"

"कोयना धरणावर."

थोडा वेळ ती गप्प. मग म्हणाली, "म्हंजी माज्या माहेरावरच बोललास की. काय सांगितलंस?"

मला काहीच सांगता येईना. माझ्या पंचवीस स्लाईड्समध्ये बुडालेल्या गावांवर एक ओळ होती. एक बुलेट पॉइंट. त्यात आईचं गाव होतं, आणि मी ते गावाचं नाव घेऊन एकदाही बोललो नव्हतो. ज्या पहाटेचा ग्राफ मी पडद्यावर दाखवला, त्या पहाटे तिथे असलेलं माणूस आमच्या घरात होतं, आणि मी सगळी माहिती नेटवरून घेतली होती. तिला विचारायचं सुचलंच नाही.

"आई, आपण बघायला जाऊ," मी म्हटलं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पी.एल. चालू असताना, मी, पप्पा आणि आई गेलो. साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला उतरलो आणि तिथून लाँच केली. पाणी बरंच खाली गेलं होतं. काठाला लाल मातीचे पट्टे उघडे पडले होते, एकाखाली एक, जिन्यासारखे. आई काही न बोलता डोंगराकडे बघत होती. पाण्याकडे नाही, डोंगराकडे. मला वाटलं तिला काही आठवत नसेल. मग कळलं की ती डोंगरांच्या सोंडा मोजत होती. खाली काहीच ओळखीचं राहिलं नव्हतं. डोंगर तेवढे जागेवर होते.

"हितं थांब," ती लाँचवाल्याला म्हणाली. त्याने इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. तिने पिशवीतून खण काढला, नारळ काढला, ओंजळभर तांदूळ आणि हळद-कुंकू. आम्हाला काहीच सांगितलं नव्हतं. ही सगळी तयारी तिने कोपरखैरण्याहून करून आणली होती. लेक माहेरी आली की माहेरची माणसं तिची ओटी भरतात. इथे भरायला कुणी नव्हतं. म्हणून तिने पाण्याची ओटी भरली. खण थोडा वेळ तरंगला, मग भिजून खाली गेला. नारळ मात्र बराच वेळ लाँचच्या बाजूने फिरत राहिला.

पप्पा दुसरीकडे तोंड करून बसले होते. मी पहिल्यांदाच त्यांना तसं पाहिलं.

परत येताना ती लाँचमध्ये माझ्या शेजारी बसली होती. मनात आलं, आता बोलावं. पाचवीतलं ते सांगून टाकावं. मी म्हटलं, "आई, मी शाळेत असताना एकदा..." तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "पानी किती खोल आसंल रं हितं?"

मी अंदाजाने आकडा सांगितला. ती म्हणाली, "मग चूल आजून आसंल तशीच."

तिने मला मुद्दाम थांबवलं की तिला खरंच चुलीचं आठवलं, ते मला अजून ठरवता येत नाही.

डिसेंबरमध्ये आमची पाचव्या सेमिस्टरची परीक्षा होती. आई दिवाळीला गावी काकांकडे गेली होती आणि तिथेच राहिली होती. स्ट्रक्चरल अॅनालिसिसच्या आदल्या रात्री आठ वाजता तिचा फोन आला नाही. नऊलाही नाही. साडेनऊला मम्मीचा मेसेज आला, "आई झोपलीय. तू अभ्यास कर." खरं सांगतो, मला बरं वाटलं. दोन युनिट बाकी होती. मी फोन बाजूला ठेवून पोर्टल फ्रेम सोडवत बसलो.

दुसऱ्या दिवशी पेपर देऊन बाहेर आलो तर गेटवर चुलतभाऊ गाडी घेऊन उभा होता. त्याने पेपर कसा गेला विचारलं. त्याच्या आवाजावरूनच समजलं. आई आदल्या रात्रीच गेली होती, झोपेतच. मी गावी पोहोचलो तेव्हा दिवस मावळला होता. सगळं होऊन गेलं होतं.

मी पप्पांवर खूप चिडलो. सगळ्यांसमोर. मला का सांगितलं नाही? माझा काय हक्क नव्हता? पप्पा म्हणाले, "तिनंच बजावून ठेवलं होतं रे. म्हणायची, माझं काय झालं तरी पोराचा पेपर बुडवायचा नाही. मी काय पुन्हा मरणार नाही, पण त्याचा पेपर पुन्हा येणार नाही."

आई, तुझं तिथे चुकलं. पेपर पुन्हा येतो. त्यालाच आम्ही के.टी. म्हणतो.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो. रक्षा नदीत सोडायची होती. आत्या म्हणाली, माहेरच्या पाण्यात सोडूया, धरणात. काका म्हणाले, रीतीप्रमाणे गावच्याच घाटावर. वाद झाला नाही, पण सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मी इंजिनियर आहे म्हणून मला माहीत असणार. मी काहीच बोललो नाही. शेवटी गावच्या घाटावरच सोडली. सासर धरणाच्या खाली आणि माहेर धरणाच्या वर. पाणी कराडकडे, कृष्णेकडे वाहत गेलं. मी काठावर उभा राहून बघत होतो. नदी माहेराकडे उलटी वाहत नाही, हे समजायला सिव्हिल शिकावं लागत नाही. पण त्या दिवशी ते बघणं जड गेलं.

आठवडाभराने आत्याने आईची पेटी उघडली. दोन नऊवारी, आजोबांचं माथाडीचं बिल्ल्यासारखं ओळखपत्र, आणि एक वही. माझी जुनी दहावीची रफ वही. तिच्या मागच्या पानांवर तिने पेन्सिलीने नावं लिहिली होती, एकाखाली एक, वेडीवाकडी. पप्पांचं, काकांचं, आत्याचं, आम्हा नातवंडांची, आणि शेवटी तिच्या माहेरच्या गावाचं. माझ्या नावात जोडाक्षर आहे. ते तिने तीनदा खोडून चौथ्यांदा बरोबर लिहिलं होतं.

ती वही आता माझ्याकडे आहे. आणि तांब्या-फुलपात्रही. घरी कुणाला नको होतं, मी होस्टेलला घेऊन आलो. आमच्या ब्रँचच्या भाषेत त्याला सायस्मोस्कोप म्हणता येईल. धक्का किती मोठा ते सांगत नाही, फक्त धक्का आला एवढंच सांगतो. रात्री झोपताना मी ते खिडकीत ठेवतो, फुलपात्र जरा कलतं. रूममेट दार आपटतो तेव्हा वाजतं. परवा राऊंडला आलेल्या रेक्टर सरांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, सर, आईचं आहे. ते काही बोलले नाहीत. उलट जाताना दार हळू लावून गेले.

मित्रांनो, मी काही उपदेश करायला बसलेलो नाही. तेवढा मी शहाणा नाही हे वरती तुम्ही वाचलंच. पण आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी असं एखादं माणूस असेल, ज्याने आपल्या सिलॅबसमधली एखादी ओळ स्वतः भोगलेली असेल. कुणी धरणावर दगड वाहिले असतील, कुणी गिरणीत साचे चालवले असतील, कुणी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलं असेल. सेमिनारची स्लाईड करायच्या आधी त्यांना एक फोन करा. आणि काही कबूल करायचं राहिलं असेल, तर लाँच काठाला लागायच्या आत करून टाका. समोरच्याने विषय बदलला तरी करा.

माझं राहिलं. म्हणून इथे लिहितोय. आई, पाचवीत त्या दिवशी तुझा गुडघा दुखत नव्हता. मीच नोटीस लपवली होती, कारण मला तुझी लाज वाटली होती. चुकलं माझं.

आता आठ वाजलेत. खालून ताटांचा आवाज येतोय. आज पुन्हा वांगं-बटाटाच आहे.